मन दुसरीकडे असताना मेंदू बघायचा, तर ईईजी की एफएमआरआय? की दोन्ही एकदम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकला एमए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेत. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेले १५ जण आणि न केलेले १५ जण घ्यायचे, आणि आपोआप येणारे विचार व लक्ष यांच्या वेळी मेंदूत काय चालतं ते बघायचं. कॉलेजात ३२ चॅनेलचं ईईजी (टोपीतल्या इलेक्ट्रोडनी मेंदूची वीज नोंदणारं यंत्र) आहे. ओळखीच्या डायग्नोस्टिक सेंटरचा एमआरआय (मोठ्या चुंबकाचा स्कॅनर, एफएमआरआय त्याच्यावरच घेतात) रात्री मोकळा असतो. मार्गदर्शकांचं म्हणणं, दोन्ही एकत्र केलं तर प्रबंधाला वजन येईल. तर हे करता येईल का, आणि नसेल तर दोन्हींतलं कोणतं निवडावं?

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल. कॉलेजची ईईजीची टोपी आणि यंत्र एमआरआयच्या खोलीत नेऊ नका. कुणी "दोन मिनिटं बघू तरी" म्हटलं तरी नको. ईईजीचा सिग्नल मोठा करणाऱ्या साध्या अॅम्प्लिफायरमध्ये लोखंड असतं, ते चुंबक खेचून घेतं. टोपीच्या तारांत रेडिओ लहरींमुळे करंट तयार होतो आणि इलेक्ट्रोडखालची कातडी भाजू शकते. एमआरआयसाठी बनवलेली टोपी वेगळी असते. तिच्या प्रत्येक तारेत काही किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, तारा एकत्र बांधून सरळ बाहेर काढलेल्या असतात, कुठेही वेटोळं पडू देत नाहीत. अॅम्प्लिफायरही अचुंबकीय असतो आणि सिग्नल फायबर ऑप्टिकने बाहेर येतो. हा संच तुमच्याकडे नाही, डायग्नोस्टिक सेंटरकडेही नसणार.

आता माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. ईईजीच्या कामात मला २२ वर्षं झाली. त्यातली सहा बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत, एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या माणसाचं ईईजी घेण्यात गेली. आता नाशिकलाच असते. मशीनचं मला कौतुक आहे आणि त्यांचा कंटाळाही आलेला आहे, दोन्ही खरं.

मशीन कोणतं हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते, कारण तुमचं गाडं त्याच्या आधीच अडलेलं आहे. मुंबईहून नाशिकला गाडी चालवत येताना घोटीचा टोलनाका कधी मागे पडला ते कळलंच नाही, असं तुमचंही झालं असेल. हात स्टिअरिंगवर होते, ब्रेक वेळेवर लागत होते, आणि मन मात्र भावाच्या लग्नाच्या हिशेबात. तिथे मन गेलं कधी? परत आलं कधी? तुम्हाला फक्त परत आल्याचा क्षण माहीत असतो, तोही अंदाजाने. साध्या प्रयोगात आपण स्वतः आवाज वाजवतो किंवा चित्र दाखवतो, त्यामुळे घटना नेमकी कधी घडली ते कॉम्प्युटरला माहीत असतं. आपोआप येणाऱ्या विचाराला अशी सुरुवातीची खूण नाही. मेंदूचा आलेख कितीही बारीक असला तरी, या दहा सेकंदांत मन इथे होतं आणि त्या दहा सेकंदांत नव्हतं, हे कुणीतरी सांगावं लागतं. आणि ते सांगणारा सध्या तरी एकच आहे, तो माणूस स्वतः.

दोन्ही पद्धती काय मोजतात ते पटकन सांगून टाकते. ईईजी म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातल्या लाखो पेशी एका तालात चालल्या की टाळूवर उमटणारा विजेचा सूक्ष्म पडसाद, साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. हान्स बर्गर यांनी जर्मनीत येना इथे १९२४ मध्ये माणसाचं पहिलं ईईजी घेतलं. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला दिसणारी अल्फा लय, सेकंदाला ८ ते १३ वेळा, ही त्यांचीच देणगी. ईईजी मिलिसेकंदांचा हिशेब देतं, पण पडसाद कवटीतून पसरून येत असल्याने तो नेमका कुठून आला हे धूसर राहतं. एफएमआरआयचं उलट. तो पेशींची वीज मोजतच नाही. काम करणाऱ्या भागाकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं, त्याने चुंबकीय सिग्नल किंचित बदलतो, तो बदल टिपतो. सेइजी ओगावा यांनी हे १९९० मध्ये दाखवलं. जागा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत कळते, पण रक्त सावकाश येतं, पेशींच्या कामानंतर सिग्नल शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मन लग्नाच्या हिशेबातून निघून गावच्या विहिरीपर्यंत जाऊन आलेलं असतं.

इथे "एक वेळ सांगतं, एक जागा सांगतं, म्हणून दोन्ही एकत्र करा" असं सगळे म्हणतात. तुमचे मार्गदर्शकही बहुधा त्याच अर्थाने म्हणाले. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. समजा तुम्हाला पडद्यावरच्या चेहऱ्यांना मेंदू कसा प्रतिसाद देतो ते बघायचं आहे. सोमवारी ईईजी घ्या, गुरुवारी तेच चेहरे दाखवून एफएमआरआय घ्या, आणि नंतर दोन्ही जोडा. एकाच वेळी घेण्याचा त्रास कशाला? चेहरा दोन्ही दिवशी तोच आहे. पण सोमवारी आलेला विचार गुरुवारी परत येत नाही. तो एकदाच येतो, त्याच क्रमाने पुन्हा कधीच नाही. म्हणून आपोआप येणाऱ्या विचारांसाठी दोन्ही मोजमापं एकाच माणसाची, एकाच क्षणाची हवीत, याला खरोखर अर्थ आहे. मात्र अर्थ असणं वेगळं आणि प्रबंधाच्या वर्षात जमणं वेगळं.

या विषयाची सुरुवातही गमतीची आहे. १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांनी मिल्वॉकीला असं बघितलं की माणूस काहीही न करता पडून असतानासुद्धा डाव्या आणि उजव्या बाजूच्या हालचालीच्या भागांतला सिग्नल एकत्र वरखाली होतो. तोवर हे चढउतार कचरा समजून बाजूला काढले जात. २००१ मध्ये मार्कस रायकल यांनी 'डिफॉल्ट मोड' ही कल्पना मांडली. बाहेरचं काम आलं की मेंदूच्या मधल्या रेषेवरचे काही भाग शांत होतात आणि काम संपलं की परत जोर धरतात. मग सरसकट समजूत झाली की या भागांचं डिफॉल्ट जाळं पेटलं म्हणजे मन भटकलं. २००९ मध्ये कलीना क्रिस्टॉफ आणि सहकाऱ्यांनी स्कॅनर चालू असतानाच लोकांना मधेमधे विचारलं की आत्ता लक्ष कुठे होतं. मन दुसरीकडे असताना डिफॉल्ट जाळं तर सक्रिय होतंच, शिवाय नियोजन आणि नियंत्रण करणारे पुढचे भागही होते. आणि आपलं मन भटकलं आहे हे ज्या वेळी माणसाला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्या वेळी हे सगळं जास्त जोरात. म्हणजे भटकणारं मन आळशी नाही, ते दुसऱ्या कामाला लागलेलं असतं.

तुमच्या प्रस्तावात "डिफॉल्ट मोडची क्रिया कमी दिसली तर मन कमी भटकलं असं समजू" असं वाक्य असेल तर ते आत्ताच काढा. तो भाग जुन्या आठवणी काढतानाही चालतो, उद्याचा बेत करतानाही, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा विचार करतानाही. धूर दिसला म्हणून कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगता येत नाही.

आता मुद्द्याच्या जागी येते, विचारायचं कसं. रिवाज असा: कंटाळवाणं काम द्यायचं. १९९७ मध्ये रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी बनवलेली चाचणी अजून चालते. पडद्यावर १ ते ९ आकडे येत राहतात, प्रत्येकावर बटण दाबायचं, फक्त ३ आला की हात आवरायचा. पाच मिनिटांत हात आपोआप चालायला लागतो आणि मन निघतं फिरायला. मग ३० ते ९० सेकंदांच्या अनियमित अंतराने पडदा थांबतो आणि प्रश्न येतो. अंतर अनियमित, कारण ठरावीक असलं की माणसं वाट बघायला लागतात.

त्या प्रश्नाचं मराठी करताना माझं जेवढं डोकं गेलं तेवढं कुठल्याच मशीनने खाल्लं नाही. आमचं पहिलं वाक्य होतं, "आत्ता तुमचं मन भरकटलं होतं का?" बहुतेक सगळे "नाही" म्हणाले. भरकटणं म्हणजे वाया जाणं, पोरगं भरकटतं तसं, आणि समोर मॅडम बसलेल्या असताना कोण कबूल करणार? दुसऱ्या फेरीत "तंद्री लागली होती का" असं केलं. ते तर आगीतून फुफाट्यात. एका काकांनी दर वेळी "हो" दाबलं. नंतर विचारलं तर म्हणाले, "म्हणजे काय, आकड्यांतच तंद्री लागली होती की!" त्यांच्या लेखी तंद्री म्हणजे एकाग्रता. त्यांच्या शेजारच्या मुलीच्या लेखी तंद्री म्हणजे डुलकी. आणि आमच्या लेखी होतं विचारात हरवणं. एका शब्दात तीन अवस्था, आणि तिन्हींचं ईईजी वेगवेगळं. "ध्यान" तर बोलायलाच नको. "माझं ध्यान नव्हतं" म्हणजे लक्ष नव्हतं, आणि शिबिर केलेल्या माणसाला ध्यान म्हटलं की तो पाठ ताठ करून बसतो.

शेवटी टिकलं ते वाक्य असं: "प्रश्न येण्याच्या अगदी आधी तुमचं लक्ष आकड्यांवर होतं की दुसरीकडे कुठे होतं?" एक ते सात आकडे, एक म्हणजे पूर्ण आकड्यांवर, सात म्हणजे पूर्ण दुसरीकडे. त्यानंतर एकच जोडप्रश्न: "लक्ष दुसरीकडे आहे हे तुम्हाला प्रश्न येण्याआधी माहीत होतं का?" शिवाय "डोक्यात काहीच नव्हतं" आणि "झोप येत होती" ही दोन वेगळी बटणं ठेवा. काही नसणं ही खरी अवस्था आहे, तिला जागा दिली नाही तर ती उगाच "दुसरीकडे"च्या खात्यात जमा होते. आणि सुरुवातीलाच सांगा की मन जाणं ही चूक नाही, आम्हाला तेच हवं आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसभरात मधेमधे विचारलं, तेव्हा ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. हा आकडा ऐकवला की लोक मोकळे होतात, माझा अनुभव आहे.

तुमच्या विषयात इथेच एक पाणी मुरतं. विपश्यनेच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान असतं, नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं आणि मन गेलं की परत आणायचं. तीन दिवस हेच केलेला माणूस "मन गेलं" हे ओळखण्यात पटाईत होतो. तुमच्या प्रश्नाला तो जास्त वेळा "दुसरीकडे होतं" म्हणेल, आणि कागदावर असं दिसेल की शिबिर करून मन जास्त भटकायला लागलं! भटकणं वाढलं की भटकणं ओळखणं वाढलं, हे वेगळं करायचं तर वरचा जोडप्रश्न हवाच. शिवाय ३ या आकड्यावर होणाऱ्या चुकाही मोजा. माणसाचं सांगणं बदललं आणि चुका तेवढ्याच राहिल्या, तर बदल बहुधा ओळखण्यात आहे.

यात ईईजी नक्की काय भर घालतं? एक, झोप पकडतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं. २०१४ मध्ये तालियाझुक्की आणि लाउफ्स यांनी नुसतं पडून घेतलेल्या एफएमआरआयचे मोठे संच तपासले, तर स्कॅन सुरू झाल्यापासून तीन मिनिटांत साधारण एक तृतीयांश लोकांची जाग ढळलेली होती. म्हणजे 'विश्रांतीतला मेंदू' म्हणून छापलेल्या बऱ्याच चित्रांत लोक पेंगत होते. आमच्याकडे एका उन्हाळ्यात ११ जणांचं काम झालं आणि आलेख उघडून बघते तर चार जणांची अल्फा लय विरघळून संथ लाटा आलेल्या. दुपारी जेवण करून आलेले सगळे. एसीची थंडी, अंगावर चादर, कानात ठोकठोक एका तालात. मीसुद्धा झोपले असते. तेव्हापासून सकाळी अकराच्या आतच माणूस आत घ्यायचा असा माझा नियम आहे.

दोन, लक्ष कमी झालं की समोरच्या आकड्याला मेंदूचा प्रतिसाद, विशेषतः सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर येणारी पी-३०० ही लाट, लहान होते. ही गोष्ट बऱ्याच प्रयोगशाळांत परत परत दिसली आहे. अल्फाबद्दल मात्र जपून बोला. काही प्रयोगांत मन भटकताना अल्फा वाढते, काहींत कमी होते. जूलिया कॅम आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या कामातून याचा एक धागा मिळतो. विचार कामाबाहेरचा आहे का, आणि विचार एका गोष्टीवरून दुसऱ्यावर मोकळा उड्या मारतो आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याची खूण पी-३०० मध्ये दिसली, दुसऱ्याची पुढच्या भागातल्या अल्फामध्ये. कर्जाच्या हप्त्याची काळजी तासभर घोळवणारा माणूस आणि खिडकीतून ढग बघत कुठून कुठे जाणारा माणूस, दोघांचंही लक्ष कामावर नसतं, पण दोघांना एका डब्यात टाकलं की अल्फा गोंधळणारच.

दोन्ही एकाच वेळी घेण्याची प्रत्यक्ष मारामारी कशी असते ते थोडं सांगते, म्हणजे "रात्री मोकळा असतो" यातला भाबडेपणा लक्षात येईल. सकाळी माणूस येतो, डोक्याला खोबरेल. आदल्या दिवशी फोन करून "शाम्पू करा, तेल नको" सांगितलेलं असतं, तरी आईने जाताजाता टाळूवर थापलेलं असतं. तेल असलं की जेल धरत नाही, इम्पिडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) खाली येत नाही, आणि ३२ जागांवर बोथट सुईने केस बाजूला करत बसायला पाऊण तास जातो. मग धातू. आकडे, पिना, कमरेची चावी निघते. मंगळसूत्र काढायला काही जणी कचरतात, त्याचं आधीच बोलून घ्यावं. आणि जोडवी. वर्षानुवर्षं बोटात रुतलेली जोडवी साबण लावूनही निघत नाहीत. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण दुकानदार ज्याला चांदी म्हणतो ती सगळी चांदी नसते.

आत गेल्यावर स्कॅनर सुरू झाला की ईईजीच्या जागी नुसत्या भिंती दिसतात. स्कॅनरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारांत येणारा गोंगाट हजारो मायक्रोव्होल्टचा, आणि आपल्याला हवा आहे पन्नासचा. नशिबाने तो गोंगाट दर वेळी हुबेहूब सारखा असतो, म्हणून त्याची सरासरी काढून वजा करता येते. फिलिप अॅलन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही रीत छापली. त्यासाठी सेकंदाला ५,००० वेळा नोंद घ्यावी लागते आणि ईईजीचं घड्याळ स्कॅनरच्या घड्याळाला बांधावं लागतं. आमच्या एका सत्रात ही जोडतार सैल राहिली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन घड्याळं किंचित सरकत गेली, वजाबाकी बिघडली, आणि ५० मिनिटांचा आलेख टाकून दिला. तार मीच जोडली होती.

हृदयाचा गोंगाट त्याहून चिवट. ठोका पडला की टाळूवरची नाडी उडते, डोकं केसभर हलतं, आणि एवढ्या मोठ्या चुंबकात तेवढ्या हालचालीनेही वीज तयार होते. प्रत्येक ठोका थोडा वेगळा, त्यामुळे सरासरी नीट बसत नाही. चुंबक जितका शक्तिशाली तितका हा त्रास मोठा, म्हणजे ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन एफएमआरआयला चांगलं आणि ईईजीला वाईट. शिवाय चुंबक थंड ठेवणाऱ्या हीलियमच्या पंपाची थरथर ईईजीत उमटते. तो थोडा वेळ बंद करायचा तर इंजिनिअरची परवानगी लागते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

एवढं करून हाती काय लागतं ते हिशेबाने बघा. ४० मिनिटांचं काम, मिनिटाला साधारण एक प्रश्न, म्हणजे ४० उत्तरं. निम्म्या वेळा मन दुसरीकडे धरलं तर २०. डोकं हललं, पेंग आली, आलेख खराब झाला, असे आठ वजा करा, उरले १२. त्यात "माहीत होतं" आणि "माहीत नव्हतं" असे दोन गट पाडले की सहा-सहा. प्रत्येक प्रश्नाच्या आधीचे जेमतेम दहा सेकंदच वापरायचे, कारण त्याआधी मन कुठे होतं याची ग्वाही नाही. सहा वेळा दहा सेकंद, म्हणजे एका माणसाकडून एक मिनिट. त्या एका मिनिटाच्या ईईजीतली लाट घेऊन तिला रक्ताच्या सावकाश चालीत बसवायचं आणि एफएमआरआयमधे तिचा माग काढायचा. होतं हे, लोकांनी केलंही आहे. २००२-०३ च्या सुमारास गोल्डमन आणि लाउफ्स यांच्या गटांनी अल्फा वाढली की मेंदूच्या कोणत्या भागांतला सिग्नल घटतो ते असंच दाखवलं. पण त्यात विचारांचा प्रश्न नव्हता, सलग मिनिटंच्या मिनिटं अल्फा हाताशी होती. तुमच्याकडे १५-१५ माणसांचे एकेक मिनिट आहेत.

विपश्यनेमुळे आणखी एक पेच येतो आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सराव असलेल्या माणसाचा श्वास संथ असतो. श्वास बदलला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो, त्याने रक्तवाहिन्या रुंद-अरुंद होतात, आणि एफएमआरआयचा सिग्नल पेशींनी काहीही न करता बदलतो. रास्मुस बर्न यांनी २००६ मध्ये दाखवलं की श्वासाच्या चढउतारामुळे बदलणारे भाग डिफॉल्ट जाळ्याशी बरेच जुळतात. म्हणजे तुम्ही "ध्यानाने मेंदूचं जाळं बदललं" असं लिहाल आणि प्रत्यक्षात फक्त श्वास बदललेला असेल. छातीचा पट्टा लावून श्वास नोंदवला नसेल तर या आक्षेपाला तुमच्याकडे उत्तर नाही.

मग काय करावं? हे तुमच्या हातात किती महिने आहेत आणि सांख्यिकीला मदत करणारं कोण आहे यावर ठरेल. मी तुमच्या जागी असते तर फक्त ईईजी घेतलं असतं, कॉलेजातच. सोबत छातीचा श्वासपट्टा, ईसीजीच्या दोन तारा आणि डोळ्यांजवळ दोन इलेक्ट्रोड. मन बाहेर गेलं की पापण्या जास्त लवतात असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं होतं, ते फुकटात मोजून होतं. कॉलेजची खोली रस्त्याकडेची असेल तर आधी अर्धा तास रिकामं रेकॉर्डिंग घेऊन ५० हर्ट्झची रेघ (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट) किती जाड आहे बघा. आमच्याकडे एकदा ती खालच्या मजल्यावरच्या पाण्याच्या मोटारीमुळे येत होती.

दोन पद्धती जोडण्याची हौस असेलच तर ईईजीसोबत एफनिर्स चालतं. कवटीतून निअर-इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगाच्या जरा पलीकडचा प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन बघतात, चुंबक नाही, आवाज नाही, माणूस खुर्चीत बसू शकतो. पण प्रकाश दीड-दोन सेंटिमीटरच आत जातो. डिफॉल्ट जाळ्याचा मागचा मुख्य भाग दोन गोलार्धांच्या मधे खोल बसलेला आहे, तिथपर्यंत तो पोचत नाही. दाट काळे केसही प्रकाश खातात. त्यामुळे कपाळामागच्या भागापुरतं बोलायचं असेल तरच.

एफएमआरआयचा भाग तुम्ही खुल्या माहितीतून करू शकता. ओपनन्यूरोसारख्या भांडारात इतरांनी घेतलेले एफएमआरआय आणि ईईजीचे संच फुकट मिळतात. तुमचं स्वतःचं ईईजी, आणि दुसऱ्याच्या एफएमआरआयवर एखादा छोटा प्रश्न, हे एका प्रबंधात प्रामाणिकपणे बसतं. दोन्ही एकदम घ्यायचंच असेल तर पीएचडीसाठी राखून ठेवा आणि बंगळूरचं निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा ठिकाणी जा, जिथे या कामाची माणसं आहेत. नाशिकच्या डायग्नोस्टिक सेंटरात मशीन उत्तम असेल, पण ते रुग्णांसाठी लावलेलं असतं. पडदा, बटण, स्कॅनच्या सुरुवातीची खूण बाहेर देणारी तार, आणि रात्री दोन वाजता तुमच्यासाठी जागणारा तंत्रज्ञ, हे सगळं ओळखीवर मिळत नाही. नैतिकता समितीची मंजुरी मात्र ईईजीलाही लागेल. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून ठेवा, संमतीपत्र साध्या मराठीत करा.

गटांबद्दल शेवटचं. शिबिर केलेले आणि न केलेले, हे दोन गट मुळातच वेगळे असतात. दहा दिवस फोन जमा करून, मौन पाळून राहायला जो तयार होतो तो आधीपासूनच निराळा असू शकतो. त्यापेक्षा ज्यांनी पुढच्या शिबिरासाठी नाव नोंदवलं आहे असे लोक गाठा. निम्मे या महिन्यात जाणारे, निम्मे तीन महिन्यांनी जाणारे. दोघांचंही ईईजी आत्ता घ्या आणि पहिला गट परत आल्यावर दोघांचं पुन्हा घ्या. हौस दोघांना सारखीच, फरक फक्त शिबिराचा. शिबिर चालू असताना मोजायचा विचारही करू नका, ते मागणंच चुकीचं आहे. आणि परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी नको. दहा दिवस न बोललेली माणसं पहिले दोन-तीन दिवस नुसती बोलत सुटतात. आठवड्याने बोलवा.

तूर्तास मशीनला हात न लावता प्रश्नाचं ते वाक्य घेऊन दहा ओळखीच्यांना कागदावर आकड्यांचं काम द्या, मधेच थांबवून विचारा, आणि त्यांनी काय समजून उत्तर दिलं ते नंतर बोलून घ्या. त्यात किमान दोन जण तरी कॉलेजबाहेरचे, पन्नाशीच्या पुढचे असू देत. त्यांची उत्तरं इथे टाकलीत तर वाक्य मी बघून देईन.